घरात आलेली ही गांधीलमाशीसारखी माशी कोण? गोव्यातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पडद्यामागे मातीचा गोळा, बाल्कांवच्या (दारापुढच्या पडवीच्या) छताला लोंबणारं करडं पोळं, न्हाणीघराच्या खिडकीवर घुटमळणारी काळी माशी. असे फोटो वर्षभर येत राहतात आणि त्यांच्यासोबत तीनच प्रश्न असतात: ही कोण, चावते का, मारू का? बऱ्याचदा फोटोतली माशी आधीच मेलेली असते, आणि मारलेल्यांपैकी बहुतेक अशा असतात की ज्यांच्यापासून घराला काहीच धोका नव्हता. ते थांबावं म्हणून ही उत्तरं एकत्र केली आहेत. जिथे विषय एकमेकांत शिरतात तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मला किडे ओळखता येत नाहीत. घाबरायचं की नाही एवढंच सांगा.

मग रंग, आकार, पट्टे सगळं बाजूला ठेवा आणि एकच गोष्ट बघा: ती एकटी आहे, की एकाच जागी अनेक जणी ये-जा करताहेत?

गांधीलमाश्यांच्या बहुसंख्य जाती एकट्याने राहतात. मादी एकटीच घर बांधते, एकटीच शिकार आणते, अंडं घालते आणि निघून जाते. तिला राखायला वसाहत नसते, म्हणून तुम्ही घराजवळ गेलात तरी ती अंगावर धावून येत नाही. हातात धरली, कपड्यात अडकली किंवा पायाखाली आली तरच डंख मारते. वसाहतीने राहणाऱ्या जाती मात्र पोळं राखतात आणि त्यासाठी चवताळून उठतात. गोव्यातल्या घरांभोवती अशा मुख्यतः दोन तऱ्हा दिसतात: कागदी पोळ्याच्या गांधीलमाश्या (प्रश्न ९) आणि मोठ्या पट्टेवाल्या (प्रश्न १०). आग्या मधमाश्यांचं मोहोळ तिसरं.

एकटी असेल तर खिडकी उघडा, पंखा बंद करा आणि तिला जाऊ द्या. अनेक असतील तर त्या कुठून येतात ते लांबून पाहा.

२. ही खरी गांधीलमाशी, की तशी दिसणारी साधी माशी? पिवळे-काळे पट्टे तर दोघींनाही आहेत.

पट्ट्यांवर जाऊ नका. डंख नसलेल्या कित्येक माश्या आणि पतंग त्याच रंगांवर स्वतःचा जीव वाचवतात. मिश्या बघा. साध्या माशीच्या मिश्या इतक्या आखूड असतात की लांबून दिसतच नाहीत आणि डोळ्यांनी जवळजवळ सगळं डोकं व्यापलेलं असतं. गांधीलमाशीच्या मिश्या लांब, स्पष्ट आणि सतत हलत्या असतात.

पुस्तकात पंख मोजायला सांगतात: माशीला दोन, गांधीलमाशीला चार. ते बरोबर आहे, पण गांधीलमाशीचे मागचे पंख बारीक आकड्यांनी पुढच्यांना अडकलेले असतात, त्यामुळे बसलेल्या गांधीलमाशीचे चार पंख नुसत्या डोळ्यांना दोनच वाटतात. त्यापेक्षा कमर पाहा. छाती आणि पोट यांच्यामध्ये ठळक बारीक जागा असेल तर ती साधी माशी नव्हे. तरी काही माश्या कमरेचीही नक्कल करतात (प्रश्न १५), म्हणून मिश्या आणि कमर दोन्ही जुळल्या पाहिजेत.

३. आणि मधमाशी?

मधमाशी केसाळ असते, पाय जाडसर असतात आणि मागच्या पायांवर पुष्कळदा परागांचा पिवळा गोळा दिसतो. गांधीलमाशी तुळतुळीत, पाय सडपातळ, उडताना ते खाली लोंबताना दिसतात. मधमाशीचा काटा आपल्या कातडीत राहतो आणि ती मरते. गांधीलमाशीचा राहत नाही, त्यामुळे तीच माशी पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. डंखानंतर काटा सापडला तर मधमाशी होती, असं समजायला हरकत नाही.

४. भिंतीवर, पडद्यामागे, फोटोच्या चौकटीमागे मातीचं घर बांधते ती कोण?

कुंभारीण माशी. पण या नावाखाली दोन वेगळी कुळं येतात आणि ती घरावरून ओळखता येतात.

पहिली लांबट, काळी, पायांवर पिवळा रंग, आणि कमर इतकी लांब नि बारीक की पोट मागे वेगळंच लोंबतंय असं वाटतं. ही ओल्या मातीच्या गोळ्या तोंडात आणून बोटभर लांबीच्या नळीसारख्या खोल्या एकीला एक लागून बांधते आणि शेवटी सगळ्यांवर मातीचा गिलावा चढवते. वरून फक्त वाळलेला चिखल कुणीतरी फेकून मारल्यासारखा दिसतो. गिलावा करताना ती अंग थरथरवून माती बसवते, आणि त्याचा बारीक, चिरका आवाज येतो. दुपारच्या वेळी पडद्यामागून असा थांबून थांबून येणारा आवाज ऐकलात तर तीच. ही कोळी पकडते.

दुसरी जरा आटोपशीर, तपकिरी-नारिंगी आणि काळी. तिचं घर म्हणजे तोंडाला काठ असलेलं इवलंसं मडकं, किंवा अशी दोन-चार मडकी एकत्र लिंपलेली. ही अळ्या पकडते, आणि त्यांत भाजीपाल्यावरच्याही असतात.

दोघीही एकट्या राहतात. कुंभारणीच्या बांधकामाजवळ बिनधास्त उभं राहून पाहता येतं. लहान मुलांनाही दाखवा, फक्त हात लावू देऊ नका.

५. मातीचं घर फोडलं तर आतून कोळी पडले आणि त्यांचे पाय हलत होते. मेलेले नव्हते का?

नव्हते. कुंभारीण कोळ्याला ठार मारत नाही, डंखाने लुळा करते. मेलेला कोळी या हवेत दोन दिवसांत कुजेल किंवा बुरशीने भरेल, लुळा मात्र टिकतो. एकेका खोलीत ती असे कोळी ठासून भरते, त्यांतल्या एकावर अंडं घालते आणि तोंड मातीने बंद करते. अळी बाहेर आली की तिचं अन्न तयार असतं. पुढे ती कोष करते आणि शेवटी पंख फुटलेली माशी माती कुरतडून गोल भोकातून निघते. खोलीत कोळ्यांऐवजी कागदासारखा तपकिरी कोष सापडला तर समजा की खाणं संपून पुढची पायरी सुरू झाली आहे.

६. कुंभारीण अळीला डंख मारून मारून आपल्यासारखी करते, असं आजी सांगायची. खरं का?

अळीची माशी होत नाही. आत नेलेली अळी खाल्ली जाते, आणि बाहेर येते ती माशीच्या स्वतःच्या अंड्यातून वाढलेली माशी. पण आजींचं निरीक्षण खोटं नव्हतं. बंद घरात अळी गेली आणि काही आठवड्यांनी त्याच घरातून माशी निघाली, एवढं कुणीही पाहू शकतं. मधे काय घडलं ते मातीआड होतं. अवधूताच्या चोवीस गुरूंत ही माशी आहे ती याच समजुतीमुळे: सतत ध्यास घेतला की ध्यास घेणारा त्याच रूपाचा होतो. कीर्तनात तो दृष्टान्त तसाच राहू दे. घरात मात्र मूल विचारेल तर जुनं घर उघडून कोष दाखवा.

७. मातीचं घर पाडू का? कधी?

अडचण होत नसेल तर राहू द्या. काही घरांत कुंभारणीचं घर पाडू नये असं मानतात, आणि कोळी-अळ्यांच्या हिशेबाने ते फायद्याचंच आहे. काढायचंच असेल तर गोल भोकं पडेपर्यंत थांबा. भोक म्हणजे आतली माशी गेली. मग ओल्या फडक्याने माती भिजवा आणि बोथट कालथ्याने सोडवा. चुन्याच्या भिंतीवर कोरडं खरवडलंत तर रंगाचे पोपडे निघतात.

थांबू नये अशा जागा मात्र आहेत: एसीच्या पाण्याची नळी, गीझरची वाफ जाणारी वाट, गॅस शेगडीचा बर्नर, इन्व्हर्टरच्या जाळ्या, विजेचं सॉकेट. महिनाभर घर बंद असलं की इथे माती भरलेली सापडते. ही बाब हसण्यावारी नेऊ नका. १९९६ च्या फेब्रुवारीत डोमिनिकन प्रजासत्ताकातून उडालेलं बर्गनएअरचं विमान समुद्रात पडून १८९ माणसं गेली. विमानाचा वेग मोजणारी नळी बुजली होती आणि संशय कुंभारीण माशीच्या घरावरच होता, कारण त्याआधी विमान बरेच दिवस उभं होतं आणि काही काळ नळीवर टोपण नव्हतं. घरातल्या नळ्यांच्या तोंडाला बारीक जाळी लावणं हाच सोपा उपाय. सॉकेटमधली माती काढण्याआधी मेन स्विच बंद करा.

८. कुलपात, खिडकीच्या रुळात, बांबूच्या तुकड्यात कुणीतरी पानं, राळ, गवत कोंबून ठेवलंय. हेही कुंभारणीचंच काम का?

आत काय भरलंय त्यावरून ठरवा.

पानांचे गोल कापलेले तुकडे असतील तर पान कापणारी मधमाशी. गुलाबाच्या पानांना कडेने अर्धगोल कातरे दिसले की तीच. राळ किंवा राळमिश्रित माती असेल तर तिचीच चुलत बहीण. दोघी एकट्या राहतात आणि भाजीपाला-फुलांच्या परागीभवनाचं मोठं काम करतात. सरकत्या खिडकीच्या रुळात गवताच्या काड्या आणि त्यांत नाकतोडे निघाले तर ती गवत भरणारी गांधीलमाशी. नुसत्या मातीची पातळ भिंत असेल तर भोकात राहणारी एखादी छोटी काळी शिकारीण.

यांतली कुणीही घर राखायला धावत नाही. कुलपाला टोपण लावा, आणि मीटरच्या खोलीजवळ दोन-तीन पोकळ बांबूचे तुकडे दोरीने बांधून टांगा. पुष्कळदा त्या तिकडे वळतात.

९. छपराखाली देठाला लोंबणारं, खालून उघडं, करडं कागदी पोळं आहे. माश्या त्यावर बसून असतात.

या कागदी पोळ्याच्या गांधीलमाश्या. लाकडाचं साल, जुने वासे, कुंपणाचे दांडे यांचा भुगा खरवडून, लाळेत कालवून त्या खरोखरीचा कागद बनवतात. मार्च-एप्रिलच्या सकाळी जुन्या दाराच्या फळीवर एखादी मागे मागे सरकत काहीतरी चाटतेय असं दिसलं तर ती कागदाचं सामान जमवतेय.

गोव्यात दिसणाऱ्या या गटातली रोपॅलिडिया मार्जिनाटा ही तपकिरी माशी भारतातल्या सर्वांत अभ्यासलेल्या कीटकांपैकी एक आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक दशकं तिची पोळी पाहिली. तिच्या पोळ्यातली राणी दांडगाई करत नाही. इतकी शांत असते की बाहेरून पाहून राणी कोणती हे ओळखणं कठीण जातं. ती गेली की काही वेळातच एक कामकरी आक्रमक होते, बाकीच्या तिला मानतात, आणि ती नवी राणी होते. सगळ्या माश्या आपल्याला सारख्याच दिसत असताना वारस कोण हे त्यांना मात्र ठाऊक असतं.

घरासाठी याचा अर्थ एवढाच: पोळं हात पोचेल इतक्या उंचीवर, दाराच्या वाटेत, झुल्याच्या वर किंवा कपडे वाळत घालण्याच्या दोरीजवळ असेल तर काढावं लागेल (प्रश्न २०). माडीच्या छपराखाली, कुणी जात नाही अशा कोपऱ्यात असेल तर सोडून द्या. या माश्या अळ्या खातात आणि परसातल्या भाजीला त्यांचा उपयोग आहे. पोळ्याखाली माश्यांनी अंग ताठ करून पंख उभारले असतील तर तुम्ही फार जवळ आला आहात. मागे सरा.

१०. खूप मोठी, काळी, पोटावर एकच रुंद नारिंगी पट्टा. उडताना घोंघावते. विषारी आहे का?

ही मोठी पट्टेवाली गांधीलमाशी, गोव्यात सर्रास दिसणारी. एकटी दिसली तर बहुधा शिकारीवर असते, आणि तिची आवडती शिकार म्हणजे प्रश्न ९ मधल्या कागदी पोळ्यांतल्या अळ्या. छपराखाली गोंधळ उडून लहान माश्या पोळं सोडून बाजूला बसलेल्या आणि मधे ही मोठी एकटी पोळं फोडतेय, असं दृश्य दिसलं तर काही बिघडलं नाही. लांबून पाहा.

तिच्यासारखीच दुसरी, जिच्या पोटाचा पुढचा सगळा भाग नारिंगी-पिवळा आणि मागचा काळा असतो, ती झाडांत किंवा छपराच्या कोपऱ्यात चहूबाजूंनी बंद, लाटांसारख्या रेघांचं मोठं कागदी पोळं करते. ही वसाहत खरोखर धोकादायक. अनेक डंख एकदम बसले तर तो दवाखान्याचा मामला आहे (प्रश्न १८). अशा पोळ्यावर दगड मारणं, शिडी लावणं, झाड हलवणं यांतलं काहीही करू नका.

११. व्हिडिओंत दाखवतात ती राक्षसी गांधीलमाशी गोव्यात आली आहे का?

नाही. ती भारतात हिमालयाच्या आणि ईशान्येच्या बाजूला आढळते. गोव्यातून तिच्या नावाने येणारे फोटो प्रश्न १० मधल्या माशीचे असतात. खरी राक्षसी माशी आकाराने आणखी मोठी, डोकं सबंध नारिंगी, आणि पोटावर एकच नव्हे तर अनेक पट्टे असतात.

१२. मागच्या दारी मासळी साफ करताना मोठ्या माश्या येतात. काजूच्या दिवसांत बोंडांवरही.

मासळीचे तुकडे त्या वसाहतीतल्या अळ्यांसाठी नेतात, बोंडांचा आणि पिकल्या फणसाचा रस स्वतः पितात. अन्नावर आलेली माशी सहसा भांडत नाही, पण बोंड उचलताना खाली बसलेलीवर हात पडतो. गोळा करताना बोंड आधी काठीने उलटवा. मासळीचं पाणी आणि खवलं लगेच धुऊन टाका, आणि शीतपेयाचा किंवा उसाच्या रसाचा ग्लास अंगणात झाकणाशिवाय ठेवू नका. तोंडात किंवा घशात बसलेला डंख हा सर्वांत वाईट.

१३. चकचकीत निळी-हिरवी माशी आली. दागिन्यासारखी सुंदर. कोण?

या रंगाच्या तिघी घरात येतात.

मांड्या लाल असतील तर ती झुरळ पकडणारी पाचूमाशी. तिचं काम पाहायला मिळालं तर हातातलं सोडून पाहा. ती झुरळाला आधी छातीत डंख मारते, त्याचे पुढचे पाय थोडा वेळ लुळे पडतात. मग दुसरा डंख अगदी नेमका डोक्यात, मज्जातंतूंच्या गाठीत. त्यानंतर झुरळ चालू शकतं, पण आपणहून चालायला निघत नाही. पाचूमाशी त्याच्या मिशांचा अर्धा तुकडा कापते, आलेला रस पिते, उरलेली मिशी तोंडात धरते आणि आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या झुरळाला चालवत भिंतीच्या फटीत नेते. तिथे त्याच्या पायावर अंडं घालून खड्यांनी तोंड बुजवते. १९४१ साली ही माशी झुरळांच्या बंदोबस्तासाठी हवाई बेटांवर मुद्दाम नेली होती. फार फरक पडला नाही, कारण एका माशीला लागतात त्या मानाने झुरळं पुष्कळ. तरी तुमच्या घरात ती आहे हे भाग्यच.

अंग खडबडीत, चिलखतासारखं, आणि डिवचल्यावर अंगाचा गोळा करून पडली तर ती परोपजीवी माशी. ती कुंभारणीच्या घरात चोरून अंडं घालते. तिसरी गडद निळी, लांब बारीक कमरेची. ही कुंभारणीचीच नातलग असून तिची जुनी घरं वापरते आणि कोळी पकडते.

तिघीही निरुपद्रवी. पाचूमाशी हातात पकडू नका, एवढंच.

१४. न्हाणीघराच्या खिडकीवर काळी माशी. पोट एवढंसं, आणि ते सतत खालीवर हलवते. कोळी आहे की माशी, कळत नाही.

ही झुरळांच्या अंड्यांवर वाढणारी निशाणमाशी. अंगाच्या मानाने पोट चिमुकलं, बाजूने पाहिलं तर कुऱ्हाडीच्या पात्याच्या आकाराचं. मादी झुरळाच्या अंड्यांच्या पेटीत अंडं घालते. घरातल्या मोठ्या तपकिरी झुरळाच्या एका पेटीत साधारण १५ अंडी असतात, आणि निशाणमाशीची एक अळी ती सगळी संपवते. माणसाला ती डंख मारत नाही.

ती वारंवार दिसत असेल तर तुमच्या गटाराच्या जाळीत, सिंकखाली किंवा जुन्या खोक्यांमागे झुरळं भरपूर आहेत. जाळी साफ करा. औषध फवारलंत तर निशाणमाशी आधी मरते आणि पेटीतली अंडी सुखरूप राहतात.

१५. कंपोस्टच्या डब्याभोवती काळ्या, लांबट, गांधीलमाशीसारख्या माश्या. डब्यात जाड अळ्याही आहेत.

काळी सैनिक माशी. साधी माशीच आहे, डंख नाही, चावतही नाही. पोटाच्या सुरुवातीला दोन फिकट पारदर्शक खिडक्या असतात, त्यामुळे कमर बारीक असल्याचा भास होतो. पायांची टोकं पांढरी. अळ्या ओला कचरा झपाट्याने खातात. कंपोस्ट उत्तम चाललंय. नको असतील तर सुका पाला वाढवा आणि झाकण घट्ट लावा.

१६. रात्री दिव्याला येणाऱ्या कोणत्या?

बारीक कमरेची, फिकट नारिंगी, लांब मिश्यांची आणि बाजूने चपटं वाकडं पोट असलेली असेल तर ती पतंगांच्या अळ्यांवर वाढणारी माशी. हिच्या काही बहिणींना शेपटीसारखा लांब काटा दिसतो. तो अंडं घालण्याचा अवयव, त्याने घाबरू नका. नारिंगी मात्र हातात दाबली तर बारीक टोचते.

पट्टेदार मधमाश्या ट्यूबलाइटखाली पडलेल्या असतील तर जवळपास आग्या मोहोळ आहे. आग्या मधमाश्या चांदण्या रात्रीही उडतात आणि दिव्यांना फसतात. दिवा बंद करा आणि सकाळी केरसुणीने काढा. अनवाणी चालू नका, मरायला टेकलेली मधमाशीही डंख मारते.

पावसाच्या पहिल्या सरींनंतर थव्याने येणाऱ्या, पंख गाळून टाकणाऱ्या बहुतेक वाळवी असतात: चारही पंख सारख्या लांबीचे, कमर नाही. पुढचे पंख मोठे आणि कमर बारीक असेल तर पंखवाल्या मुंग्या.

दिवसा मंद उडत कुंपणावर बसणारा, काळा, पोटावर पिवळे पट्टे आणि पंखांत पारदर्शक चौकोन असलेला तो पतंग. गांधीलमाशीचं सोंग घेतो, हातावर बसला तरी काही करत नाही.

१७. अंगणात आणि वाशांभोवती दिसणाऱ्या मोठ्या काळ्यांचं काय?

वाशाला, बांबूला गोल भोक पाडून खाली भुसा सांडणारा तो भुंगा, म्हणजे सुतारमाशी. तोंडासमोर येऊन हवेत थांबणारा बहुधा नर असतो आणि नराला डंखच नसतो. हे सगळ्या मधमाश्या-गांधीलमाश्यांना लागू आहे: डंख फक्त मादीला. काही जातींत नर सोनेरी-पिवळा असतो आणि लोक त्याला वेगळाच किडा समजतात. लाकूड वाचवायचं असेल तर भुंगे बाहेर पडल्यावर भोकं बुजवा आणि वाशाला तेल-रंग द्या.

जमिनीलगत, गवतावर किंवा शेणखताच्या खड्ड्यावर घिरट्या घालणाऱ्या केसाळ काळ्या, निळसर चमकणाऱ्या पंखांच्या असतील तर त्या हुमणी शोधताहेत. जमिनीत शिरून मादी भुंगेऱ्याची पांढरी जाड अळी लुळी करते. माड ज्यांच्या दारात आहेत त्यांनी यांना मारण्याचा विचारही करू नये, गेंड्या भुंग्याच्या अळ्या अशाच खड्ड्यांत वाढतात.

चिऱ्याच्या भिंतीच्या फटीतून मेण-राळेची छोटी नळी बाहेर आलेली आणि तिच्या तोंडाशी मुंगीएवढ्या काळ्या माश्या असतील तर डंख नसलेल्या मधमाश्या. ती फट सिमेंटने लिंपू नका.

१८. डंख बसला. काय करू?

आधी तिथून दूर जा. मारलेल्या माशीच्या विषाच्या वासाने बाकीच्या आणखी येतात. काटा दिसत असेल तर कसाही, पण पटकन काढा. साबण-पाण्याने धुवा, फडक्यात गुंडाळून बर्फ लावा, आणि हाताला डंख असेल तर अंगठी, बांगड्या सूज यायच्या आधी काढा. डंखाच्या जागेची सूज दुसऱ्या दिवशी वाढलेली दिसणं नेहमीचं आहे.

खालीलपैकी काहीही दिसलं तर वाट पाहू नका, १०८ ला फोन करा: श्वास लागणं, आवाज बसणं, ओठ किंवा जीभ सुजणं, अंगभर पित्त उठणं, चक्कर, उलट्या, बेशुद्धी. ही तीव्र ॲलर्जी आहे, तिच्यावर पहिलं औषध म्हणजे मांडीत दिलेलं ॲड्रिनलिनचं इंजेक्शन, आणि त्याला मिनिटं मोजून उशीर चालत नाही. आधी कधी डंखाने काही झालं नव्हतं म्हणून या वेळीही होणार नाही, असं नसतं.

तोंडात किंवा घशात डंख, लहान मुलाला अनेक डंख, किंवा मोठ्या माणसाला मोठ्या पट्टेवालीचे एकदम बरेच डंख असतील तर ॲलर्जी दिसत नसली तरी इस्पितळात जा. भरपूर विषाने स्नायू आणि मूत्रपिंडावर परिणाम होतो, आणि तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतो. लघवी कमी होणं किंवा चहासारखी गडद होणं ही त्याची खूण. तीव्र ॲलर्जी उतरल्यावर काही तासांनी पुन्हा उसळू शकते, म्हणून डॉक्टर थांबायला सांगतील तेव्हा थांबा.

१९. चुना, लोखंड, कांदा, हळद लावू का?

चुना नको, कातडी भाजते. मधमाशीचं विष आम्ल आणि गांधीलमाशीचं अल्कली, म्हणून एकीला सोडा आणि दुसरीला लिंबू, हे बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. विष कातडीच्या आत गेलेलं असतं, वरून लावलेलं तिथे पोचत नाही. लोखंडाचा थंड स्पर्श बरा वाटतो, पण बर्फ अधिक चांगला. या उपायांत वेळ गेला आणि प्रश्न १८ मधली लक्षणं सुटली, याचीच भीती आहे.

२०. पोळं काढायचंच आहे. जाळू? औषध मारू?

पलिता लावू नका. गोव्यातल्या जुन्या घरांची छपरं लाकडी वाशांची आहेत, कौलांखाली वर्षानुवर्षांचं कोळिष्टक आणि सुका पाला असतो. स्वयंपाकघरात पेटत्या शेगडीजवळ फवारा मारणंही तसंच धोक्याचं.

कागदी पोळं लहान असेल, चार-पाच माश्यांचं, तर अंधार पडल्यावर, अंग पूर्ण झाकून, लांब काठीने देठ तोडा आणि आत जाऊन दार लावा. माश्या एक-दोन दिवस त्या जागी घुटमळतात, मग जातात. जागेवर तेल किंवा रंगाचा हात दिला तर तिथे पुन्हा देठ लावणं त्यांना अवघड होतं. मोठं पोळं, बंद पोळं किंवा मोहोळ असेल तर हे काम करणाऱ्या माणसालाच बोलवा. घरात कुणाला डंखाची ॲलर्जी असेल तर लहान पोळ्यालाही स्वतः हात लावू नका.

पाठलाग झाला तर हात न हालवता सरळ घरात किंवा गाडीत शिरा आणि दार लावा. विहिरीत, तळीत उडी मारू नका, वर येईपर्यंत त्या थांबतात.

२१. गावचं घर चवथीलाच उघडतो. आत काय काय असेल?

गावचं बंद घर उघडताना आधी बाहेरून एक फेरी मारा: वळचण, खिडक्यांचे पडदे, पाण्याची टाकी, मीटरची पेटी. ये-जा दिसली तर तिथलं दार नंतर उघडा. आत शिरल्यावर पंखे लावण्याआधी पात्यांवर मातीची घरं आहेत का पाहा, फिरत्या पात्यावरून ढेकूळ डोक्यात येतं. गॅसची नळी आणि बर्नर बघितल्याशिवाय शेगडी पेटवू नका (प्रश्न ७). देव्हाऱ्यातल्या समईत, घंटेच्या पोकळीत, मखराच्या जुन्या सांगाड्यातही कुंभारीण बांधते. माटोळीसाठी (गणपतीच्या डोक्यावर फळं-फुलं टांगायची चौकट) रानातून आणलेल्या फळांच्या घोसांत अळ्या, मुंग्या, कधी छोटं कागदी पोळंही येतं. बांधण्याआधी घोस बाहेर झटका.

२२. ओळखण्यासाठी फोटो कसा काढू?

चार फोटो पुरतात: वरून, बाजूने, चेहरा, आणि ती जिथे बसली किंवा बांधतेय ती जागा. बाजूने काढलेल्यात कमर आणि पाय दिसले पाहिजेत, निम्म्या ओळखी तिथेच होतात. घराच्या शेजारी एक रुपयाचं नाणं धरलं की आकार कळतो. माशीच्या शेजारी धरू नका.

माशी एका जागी थांबत नसेल तर काचेच्या ग्लासाखाली झाका, खालून जाड पुठ्ठा सरकवा, फोटो काढा आणि बाहेर सोडा. फोटोसोबत गाव, तारीख, वेळ आणि ती काय करत होती ते लिहा: माती आणत होती, झुरळ ओढत होती, भिंतीवर नुसती चालत होती. एवढ्यावर पुष्कळदा फोटो धूसर असला तरी ओळख पटते. आयनॅचरलिस्ट या जीवांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर टाकलात तर जाणकार नाव सुचवतात आणि गोव्याच्या नोंदींत भर पडते. तिथे घराची जागा मात्र झाकून ठेवा, तशी सोय आहे.

डंख बसून फोटो पाठवत असाल तर उत्तराची वाट पाहू नका, आधी प्रश्न १८ वाचा.